हिमस्खलन : दोष पोटातल्या थराचा

फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर गाडल्या गेलेल्या दहा जवानांत धारवाड जिल्ह्यातील लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद होते. त्यामुळे हिमस्खलन हा शब्द आपल्या भागाला परका नाही. तेथे बर्फाची भिंत ढासळली होती. डोंगरउतारांवर मात्र पुष्कळदा निराळेच घडते.

फार हिम साचले की ते आपल्या भाराने घसरते, ही समजूत अर्धीच खरी आहे. हिवाळ्याच्या प्रारंभीचे पातळ हिम पाहा. जमिनीच्या उबेमुळे त्याच्या बुडाचे तपमान ० अंशाच्या आसपास राहते, तर पृष्ठभाग निरभ्र रात्री अतिशय गारठतो. हा फरक दर मीटरला १० अंशांहून अधिक झाला, की खालच्या कणांतून बाष्प निघून वरच्या गार कणांवर गोठते. असे होता होता कणांना कंगोरे येतात, परस्परांची पकड सुटते आणि तो थर जाड्या साखरेसारखा रवाळ बनतो. थर जितका पातळ तितका हा फरक तीव्र. म्हणजे थोडे हिम निर्धोक, असे मुळीच नाही!

पुढे त्यावर नवे हिम पडते. वारा ते आडोशाच्या उतारावर आणून फळीसारखे घट्ट थापतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असला, की एका माणसाचा भारही पुरतो. रवाळ थर खचतो, भेग क्षणात उतारभर धावते आणि अख्खी फळी सुटते. बळी पडणाऱ्यांच्याच पावलांनी हे बहुधा घडते.

चालताना पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, तर आतला थर खचला असे समजावे आणि त्या उतारावर जाऊ नये.