वेगाचं वेड असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

दहावी-बारावीच्या निकालानंतर सल्ला विचारायला येणाऱ्या पालकांकडून हल्ली एक नवा प्रश्न ऐकू येतो. ‘मुलाला गाड्यांचं वेड आहे. ट्रॅकवर जाऊन रेसिंग शिकायचं म्हणतोय. काय करू?’ विचारताना आवाज खाली गेलेला असतो, कारण डोळ्यांसमोर रेस ट्रॅक नसतो, हायवे असतो. ती भीती खरी आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंना अतिवेग कारणीभूत होता, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते जिवाला मुकले, तेव्हापासून मुलाच्या हातात किल्ली देताना कितीतरी घरांत आईवडिलांचा जीव वरखाली होतो.

तरीही माझं उत्तर ‘पाठवा’ असंच आहे. शिकवणारा पारखून घ्या, मुलाचं शिक्षण सुटू देऊ नका, आणि पाठवा. ज्याला वेग खुणावतो त्याला नुसतं ‘हळू चालव’ म्हणून भागत नाही. वेग म्हणजे काय, तो कुठे संपतो आणि गाडी हातातून कशी जाते, हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं. रस्त्यावर हे शिकवता येत नाही. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

हे शिक्षण मिळतं कुठे? देशातली जुनीजाणती जागा म्हणजे चेन्नईपासून जवळ, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडचं इरुंगट्टुकोट्टई. तिथला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटर लांबीचा आहे. कोईम्बतूरला २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आहे. एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. भारतात सामान्य ऐपतीच्या मुलांना परवडतील अशा रेस कार बनवण्यासाठी या माणसाने आयुष्य घातलं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. तिथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. महाराष्ट्रात एवढा मोठा ट्रॅक आजही नाही, ही खंत आहे. पण कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अ‍ॅकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि सुरुवातीला कार्टिंगच करावं. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे टायरखाली काय चाललंय ते थेट पाठीला कळतं. मोठ्या गाडीत हीच जाणीव यायला वेळ लागतो.

ट्रॅकवरचा पहिला धडा पाहून अनेक मुलं हिरमुसतात, कारण तो बसण्याचा असतो. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, हात लांब केला तर मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर टेकेल इतकंच अंतर, दोन्ही हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. आपल्याकडे एक हात खिडकीवर टाकून रेलून गाडी चालवणं रुबाबाचं मानतात. तसं बसलेल्या माणसाला गाडीचं मागचं अंग घसरायला लागलंय हे उशिरा कळतं, आणि कळल्यावर स्टीअरिंग पुरेसं फिरवता येत नाही.

मग येतो ब्रेक. या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग हाच, असं मला वाटतं. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून जोरात ब्रेक मारल्यास साधारण १२ मीटरांत थांबते. ताशी १०० वरून तिला जवळपास ५० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. हा हिशोब पाय ब्रेकवर पडल्यानंतरचा आहे. समोरचं दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ताशी १०० च्या वेगाने गाडी तेवढ्यातच २८ मीटर पुढे गेलेली असते. गतीचं हे समीकरण मुलं नववीच्या विज्ञानात पाठ करतात. ट्रॅकवर ब्रेक मारण्याच्या जागी शंकू ठेवलेले असतात. आपण ठरवलेल्या शंकूपाशी गाडी थांबत नाही, पुढे घरंगळत जाते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मुलगा हायवेवर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून जात नाही.

बहुतेक माणसांनी आयुष्यात एकदाही पूर्ण ताकदीने ब्रेक मारलेला नसतो. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. नवखा माणूस घाबरून पाय काढतो आणि नेमकी थांबू शकणारी गाडी आदळते. प्रशिक्षक शेजारी बसून ही थरथर दहा-दहा वेळा अनुभवायला लावतो, तोंडाने सतत ‘दाबून ठेव, दाबून ठेव’ म्हणत. पुढे तोच ब्रेक दाबून ठेवत बाजूला वळून अडथळा चुकवायचा सराव होतो.

टायर रस्त्याला जिथे टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. अशा चार तळहातांवर सगळी गाडी उभी असते. त्या पकडीला मर्यादा आहे. ती सगळी ब्रेकिंगला वापरली तर वळायला काही उरत नाही. वळताना सगळी वापरली तर ब्रेक मारल्याक्षणी टायर घसरतो. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला, तर वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर येते. घाटात गाड्या फिरण्यामागे कितीदा हेच असतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. त्या वळणात फार वेगाने घातल्या की पुढचं अंग सरळ जाऊ लागतं. तेव्हा हात आपोआप स्टीअरिंग आणखी पिळतात आणि प्रकरण बिघडतं. करायचं असतं उलट: पाय हलका, स्टीअरिंग थोडं सैल, टायरला पुन्हा पकड घेऊ द्यायची. वाचून हे समजतं, पण अंगात मुरतं ते ट्रॅकवरच, जिथे बाजूला मोकळी जागा असते आणि समोरून ट्रक येत नाही.

आणि नजर! गाडी तिकडेच जाते जिकडे चालकाची नजर जाते. अडथळ्याकडे टक लावणारा अडथळ्यावरच जाऊन आदळतो. वळणात शिरण्याआधीच पुढचं वळण शोधायचं, ही सवय लागायला मुलांना फार कष्ट पडतात. एकदा लागली की ती आयुष्यभर पुरते.

गाडी थांबल्यानंतरचा तास तितकाच महत्त्वाचा. चांगल्या शाळेत गाडीतल्या उपकरणाने टिपलेले आलेख समोर ठेवतात: कुठे ब्रेक लागला, किती जोरात, स्टीअरिंग किती फिरलं, वळणातून बाहेर पडताना वेग किती होता. प्रशिक्षक विचारतो, ‘तिसऱ्या वळणात गाडी काय म्हणत होती?’ मुलाला नेमक्या शब्दांत सांगावं लागतं. ‘पुढून निसटत होती, पण टायर तापल्यावर कमी झालं,’ असं सांगता येणं ही कमावलेली विद्या आहे, आणि पैसे मिळवून देणारी विद्या तीच.

कारण रेसर म्हणून पोट भरणारे फार थोडे. इथे मी पालकांशी स्पष्ट बोलतो. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. तो पंधराव्या वर्षी, १९९२ साली, फ्रान्समधल्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेला होता. वडील स्वतः रॅलीपटू होते. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या प्रतिभाशोध स्पर्धेत निवडला गेला आणि २०२० मध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. या दोघांच्या मागे वर्षानुवर्षांचा पैसा, प्रायोजक आणि परदेशातलं वास्तव्य आहे. युरोपात वरच्या फॉर्म्युला गटांतल्या एका मोसमाचा खर्च कोटींत जातो. घर गहाण टाकून मुलाला त्या वाटेवर ढकलू नका. मुलात ती चमक असेल तर स्टॉपवॉच दोन-तीन मोसमांत सांगून टाकतं, आणि त्याचं म्हणणं मान्य करण्याची तयारी आधीपासून ठेवा.

याच विद्येवर चालणारी दुसरी कामं मात्र आपल्या दाराशी आहेत. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात वाहन कंपन्यांची रांग आहे, पुण्यात १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे, इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक आहे. गाडी बाजारात येण्याआधी ती मर्यादेपर्यंत चालवून तिच्याबद्दल बिनचूक सांगणारी माणसं या व्यवसायाला लागतात. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, स्टीअरिंग बनवणाऱ्यांनाही लागतात. गाडीच्या वळण्या-थांबण्याचा अभ्यास करणारा अभियंता स्वतः चांगला चालक असेल, तर बैठकीत त्याच्या शब्दाला वजन येतं. मेकॅनिक, रेस इंजिनीअर, आलेख वाचणारा विश्लेषक, प्रशिक्षक, वाहनविषयक पत्रकार, अशा वाटाही आहेत. त्यांतल्या काहींना आयटीआय किंवा डिप्लोमा पुरतो, काहींना मेकॅनिकलची पदवी लागते.

म्हणून माझा आग्रह: अभियांत्रिकीला गेलेल्या मुलाने महाविद्यालयाच्या रेसिंग टीममध्ये शिरावं. आयआयटी मुंबईची टीम आणि सोमय्याची ओरायन रेसिंग ही जवळची उदाहरणं. फॉर्म्युला भारत आणि बाहा एसएईइंडिया या स्पर्धांत मुलं स्वतः गाडी बनवतात, तिचा खर्च परीक्षकांपुढे मांडतात आणि ती चालवतात. मुलींनी तर या क्षेत्राकडे जरूर पाहावं. व्यावसायिक वैमानिक असलेली मुंबईची स्नेहा शर्मा फॉर्म्युला ४ च्या शर्यतींत उतरली आहे. स्टॉपवॉच मुलगा-मुलगी पाहत नाही.

धोक्याबद्दल लपवाछपवी नको. २०२३ मध्ये मद्रासच्या ट्रॅकवर एक अनुभवी कार रेसर शर्यतीत दगावला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाइक शर्यतीत तेरा वर्षांचा मुलगा गेला. ट्रॅकवर हेल्मेट, आगरोधक सूट, मानेला झटक्यापासून वाचवणारं हॅन्स उपकरण, प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेले मार्शल आणि रुग्णवाहिका असते, तरीही धोका शून्यावर येत नाही. शिकण्याचे वर्ग आणि शर्यत यांतला फरक पालकांनी नीट समजून घ्यावा. वर्गात एका वेळी थोड्या गाड्या, ओलांडण्याच्या जागा ठरलेल्या, वेग हळूहळू वाढवत नेलेला. बाइकच्या शर्यतीसाठी अल्पवयीन मुलाला घाईने उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे.

शाळा निवडताना संकेतस्थळावरचे फोटो पाहून भुलू नका. फोन करून विचारा: प्रशिक्षकाने स्वतः कुठल्या शर्यती केल्या आहेत? एका गाडीमागे विद्यार्थी किती? प्रत्येकाला ट्रॅकवर प्रत्यक्ष किती मिनिटं मिळतात? डॉक्टर दिवसभर हजर असतो का? नुकसान झालं तर भरपाई कोण देतं? एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं स्पर्धा लायसन्स पुढे लागणार असेल, तर तो अभ्यासक्रम त्यासाठी ग्राह्य धरला जातो का? आणि घरची गाडी घेऊन ट्रॅकवर जाण्याचा बेत असेल तर आधी विम्याची कागदपत्रं काढून वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. तिथे झालेलं नुकसान तुमच्याच खिशातून जाईल.

पैसे भरण्याआधी एकदा मुलासोबत एखादी राष्ट्रीय शर्यत पाहायला जा. स्टँडमध्ये बसू नका. परवानगी मिळाली तर पिटमध्ये उभे राहा, मेकॅनिकशी बोला, हरलेल्या मुलांच्या आईवडिलांशी बोला, आणि मग ठरवा.