आमच्या किनाऱ्यावरून दिसणारे १७३९

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात १७३९ या सनाच्या वाट्याला एकच ओळ येते : ‘चिमाजी अप्पांनी वसई जिंकली.’ ती ओळ मी परीक्षेत अनेकदा लिहिली आणि गुणही मिळवले. परंतु उत्तनच्या माझ्या एका ख्रिस्ती वर्गमित्राने सहज विचारले, “त्या वेळी आमची माणसे कोठे होती रे?” आणि मी निरुत्तर झालो. त्या प्रश्नामुळेच हा लेख.

वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली. पुढे दोनशे वर्षे तेथे त्यांचा अंमल होता. हिंदू रयतेला धार्मिक जाच असह्य झाला, तेव्हा अणजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशा स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. वसई मात्र हाती येईना. तिला समुद्राची पाठराखण होती.

येथे आपल्या गावाचा संबंध येतो. भाईंदरच्या पश्चिमेस, खाडीच्या मुखाशी धारावीची टेकडी आहे. मुंबईतील धारावी ती निराळी. या टेकडीवर उभे राहिले की पलीकडे वसईचा किनारा दिसतो. टेकडी ज्याच्या ताब्यात, खाडीची वाट त्याच्या ताब्यात, हे येथे नकाशाशिवाय समजते. फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. मार्चमध्ये मराठ्यांनी धारावी घेतली आणि खाडीची वाट बंद झाली. त्याच मार्चमध्ये तिकडे नादिरशहा दिल्लीत कत्तल करवीत होता.

मे महिन्यात सुरुंगांनी वसईचा बुरूज फोडला. दोन्हीकडची असंख्य माणसे पडली. अखेर १६ मे रोजी पोर्तुगिजांनी शरणागतीचा तह केला. त्यांच्या सैन्याला सन्मानाने जाऊ देण्यात आले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला या अटीत सापडले. गलबते गोव्याकडे गेली, ती सत्ताधाऱ्यांची. येथले कोळी, येथले शेतकरी येथेच राहिले. धर्माच्या जाचातून सुरू झालेल्या युद्धाचा शेवट धर्माच्या मोकळिकीने व्हावा, हे मला विजयाहून मोठे वाटते.

विजय तरी किती टिकला? १७८० मध्ये वसई इंग्रजांनी घेतली. ती मराठ्यांकडे परत आली खरी. पण १८०२ मध्ये त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात पोर्तुगीज घंटा मात्र अजून आहे. ती वसईच्या विजयातली, असे सांगतात. चर्चसाठी घडलेली घंटा देवळात आहे.

मी हे सारे मित्राला सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे तो सन आमचाही आहे.”

परीक्षेत यापुढे ती ओळ लिहिताना मला हे वाक्य आठवेल.