परवडतं का?

सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगच्या आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसलं, तेव्हापासून पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न येतो. त्याचं उत्तर मला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

१. अनुदान येतं, पण सगळ्यात शेवटी. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनाला ६०,०००, तीनाला ७८,०००. त्याहून मोठा संच घेतला तरी ७८,०००च. पॅनेल बसतात, तपासणी होते, घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा महावितरणचा नेट मीटर लागतो, मग ही रक्कम खात्यात जमा होते. तोवरचा पैसा आपल्यालाच उभा करायचा असतो. बँका यासाठी विनातारण कर्ज देतात, पण त्याचं व्याजही हिशोबात धरावंच लागतं.

२. परवडतं की नाही, हे घरातली जुनी बिलंच सांगतात. समजा, संच १,८०,००० रुपयांचा. अनुदान वजा जाता आपले १,०२,००० अडकले. महिन्याला दोन हजार वाचत असतील, तर सव्वाचार वर्षांत वसूल. साडेआठशेच वाचत असतील, तर तेवढ्यालाच दहा वर्षं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणून वर्षभराची बिलं पुढ्यात घ्यावीत, महिन्याचा सरासरी वापर काढावा आणि त्याच मापाचा संच घ्यावा. वापर वाढेल तसे बिलातले दराचे टप्पे चढत जातात, त्यामुळे जास्त वापराच्या घराला पैसे लवकर सुटतात.

३. सोलापूरचं ऊन आपल्याला वाटतं तेवढं पॅनेलला मानवत नाही. याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. पॅनेलला उजेड हवा असतो. उष्णता त्याला सोसत नाही. पंचवीस अंशांच्या वर पॅनेल जसजसं तापतं, तशी प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मेच्या दुपारी काच साठ-पासष्ट अंशांवर जाते, तेव्हा ही घट चांगलीच जाणवते. त्यावर मळणीची आणि रस्त्याची धूळ. सकाळी काच गार असताना ओल्या फडक्याने पुसून घेणं हे आता घरकामातच धरलंय.

४. वीज गेली की आपलंही घर अंधारातच. छपरावर ऊन असलं तरी बॅटरी नसलेला साधा संच लाईन बंद होताच थांबतो. तसा तो थांबायलाच हवा. नाहीतर आपली वीज तारेत उतरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हे समजल्यावर भर उन्हात वीज गेली की बंद पडणाऱ्या पंख्याबद्दलची माझी तक्रार मिटली.

५. दिवसा जास्त झालेली वीज लाईनला जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. शेजारी उसनी दिलेली ज्वारी परत यावी, तसं. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात धरली जातात. पण ३१ मार्चला जी शिल्लक राहतात, त्यांना मिळणारा दर आपण भरतो त्याहून बराच कमी असतो. शिवाय स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. म्हणून वीज विकून कमाई होईल, या आशेने कुणी मोठा संच घेऊ नये.

६. सगळ्यांच्या छपरांना हे सारखं जमत नाही, आणि ते मला मनापासून लागतं. जुन्या माळवदावर लोखंडी सांगाडा उभा करणं अवघड, भाड्याच्या घरात त्याहून अवघड. राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी ‘स्मार्ट’ योजनेतून केंद्राच्या अनुदानावर जादा मदत दिली. ज्यांचं बिल कमी, त्यांची वसुली लांबते. त्यांना हा हात हवाच होता.

७. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र आहे. त्याच्यापुढे आमचे तीन किलोवॅट काहीच नाहीत. पण तेवढा कोळसा आमच्या नावाने जळत नाही, हेही मी जमेच्या बाजूला मांडतो. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. पैसे फिटल्यावरची वर्षं खरी कमाईची. म्हणून आता कुणी विचारलं, तर मी एवढंच म्हणतो, ‘बिलं घेऊन या, बसून हिशोब करू.’