'अनॉन' : एका जुन्या इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात काही कवितांच्या खाली, कवीच्या नावाच्या जागी, 'अनॉन' एवढीच अक्षरे छापलेली आढळतात. हा कोणी थोर कवी असावा, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत होते. वस्तुतः ते नाव नव्हे, नाव ठाऊक नसल्याची खूण आहे. 'अनॉनिमस' म्हणजे निनावी, या ग्रीक कुळातील शब्दाचे ते आखूड रूप होय. परंतु हीच अक्षरे धारण करणारे, मात्र अगदी निराळ्या कुळातील, एक जुने इंग्रजी क्रियाविशेषण आहे. त्याचाच परिचय आम्ही येथे करून देणार आहोत.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ऑन' आणि 'आन' असे दोन शब्द एकत्र योजीत असत. 'आन' म्हणजे एक. तेव्हा दोहोंचा मिळून अर्थ 'एकात', म्हणजे मध्ये खंड न पडता, असा होई. त्यातूनच 'तत्काळ' हा अर्थ निघाला. आपला 'एकदम' हा शब्द याच घडणीचा आहे. फारसीत 'दम' म्हणजे श्वास. एका श्वासात जे घडते ते एकदम. इंग्रजीतील 'वन्स', 'ओन्ली' आणि 'अलोन' हे शब्दही त्याच 'एक'ची अपत्ये आहेत. प्रायश्चित्त या अर्थाचा 'अटोन' हा शब्दसुद्धा मुळात 'ॲट वन', म्हणजे तंटा मिटवून एक होणे, असाच होता.

आता अर्थ कसा पालटला ते पाहू. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात, सायमनची सासू तापाने पडली असता ती वार्ता येशूला कळविल्याचा प्रसंग आहे. तेथे 'अनॉन' म्हणजे 'ताबडतोब'. परंतु शेक्सपिअरच्या नाटकांत याच शब्दाची निराळी तऱ्हा दिसते. 'चौथा हेन्री' या नाटकाचा पहिला भाग १५९८ साली छापला गेला. त्यात मद्यालयातील फ्रान्सिस नावाच्या पोऱ्याला राजपुत्र बोलण्यात गुंतवून ठेवतो आणि दुसऱ्या खोलीतून राजपुत्राचा सोबती त्याला हाका मारीत राहतो. पोऱ्या प्रत्येक हाकेला 'अनॉन' म्हणून ओ देतो, आणि पाऊल मात्र उचलीत नाही! ज्यूलिएटही आत बोलावणाऱ्या दाईला हेच उत्तर देते आणि रोमिओशी बोलतच राहते. 'तत्काळ' म्हणणारा शब्द येथे 'आलेच हं' असा झाला. पुढे त्याचा अर्थ 'थोड्या वेळाने' एवढाच उरला.

ही गत एकट्या 'अनॉन'चीच झाली असे नाही. 'सून' या शब्दाचे जुने रूप 'सोना'. त्याचा अर्थ 'लागलीच' असा होता. 'प्रेझेंटली'चीही तीच कथा. 'बाय अँड बाय' हे शब्द आज 'सावकाश, पुढेमागे' या अर्थी येतात. पण १६११ च्या बायबलात हेरोदियासची कन्या योहानाचे शिर मागताना हेच शब्द वापरते. आजचा अर्थ धरून वाचणाऱ्याला वाटेल, की मुलीला काही घाई नव्हती. खरे पाहता तिने ते त्याच क्षणी मागितले होते. एका शब्दाच्या अर्थाने त्या प्रसंगाची सारी क्रूरताच झाकली जाते! १८८१ च्या सुधारित भाषांतरात या दोन्ही ठिकाणी 'ताबडतोब' याच अर्थाचे दुसरे शब्द घातले गेले, ते योग्यच झाले.

असे का व्हावे? दोष शब्दाचा नाही, बोलणाऱ्याचा आहे. 'आत्ता येतो' म्हणणारा घटकाभराने येतो. ऐकणारा अनुभवाने शहाणा होतो, आणि 'आत्ता' म्हणजे 'घटकाभराने' असेच धरून चालतो. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले म्हणजे कोशातील अर्थही बदलावा लागतो. कोंकणीत 'लगेच' या अर्थी 'रोखडेंच' असा शब्द आहे. मराठीतील 'रोकडा' त्याचाच भाऊबंद. जे रोख, ते तत्काळ, उधारीचे नव्हे. 'अनॉन' हे असेच रोख नाणे होते. वापरणाऱ्यांनी त्याची उधारी करून टाकली.

विद्यार्थिमित्रांनो, यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. जुना ग्रंथ वाचताना शब्द ओळखीचा दिसला, तरी त्याचा त्या काळचा अर्थ शोधावा. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश याच कामासाठी, शब्दाचे अर्थ कालक्रमाने देत, रचला गेला. त्याचा पहिला खंडांश १८८४ साली निघाला आणि 'अनॉन' त्यातच आहे. दुसरी गोष्ट कोशात सापडणार नाही. आई हाक मारील तेव्हा 'आलो' म्हणावे, आणि खरोखरच उठावे. शब्दाची किंमत राखणे हे केवळ पंडितांचे काम नव्हे. ते बोलणाऱ्या प्रत्येकाचे आहे.