विजयदुर्गाची आग दिवाणखान्यात

सावेडीतल्या नव्या फ्लॅटांमध्ये सध्या जहाजांची चलती आहे. सोफ्यामागची मोठी भिंत मोकळी दिसली की इंटिरिअरवाला मोबाईल काढून शिडांच्या जहाजांची चित्रं दाखवायला लागतो. नगरला समुद्र नाही म्हणून हौस नसावी, असं थोडंच आहे? माझ्याही भिंतीवर असा एक कॅनव्हास आला. ‘मराठा आरमाराचा विजय’ या नावाने विकलेला, तीन फूट रुंद. किल्ला, तोफांचा धूर, फुगलेली शिडं. पाहुणे ‘वा, कान्होजी आंग्रे!’ म्हणायचे आणि चहा घ्यायचे.

मग कॉलनीतले इतिहासाचे निवृत्त सर आले. चष्मा कपाळावर सरकवून, चित्राला नाक लावून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “भाऊसाहेब, विजय आहे खरा, पण आपला नव्हे.”

ते चित्र डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचं, 1771 सालचं. मूळ चित्र लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. प्रसंग फेब्रुवारी 1756 चा. इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजं आणि क्लाइव्हचं सैन्य विजयदुर्गावर चालून गेलं, इंग्रज ज्याला घेरिया म्हणत त्याच किल्ल्यावर. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती पसरत गेली आणि कान्होजींच्या मुलाचं, तुळाजी आंग्र्यांचं, नांगरलेलं आरमार बघता बघता जळून गेलं. कान्होजींना जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. तुळाजींशी बिनसलेले नानासाहेब पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला. म्हणजे पाहुणे ज्याला सलाम ठोकत होते, ते आपलं आरमार बुडाल्याचं चित्र होतं, आणि त्यात घरचं भांडणही होतं.

चित्र उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. खोटी होती ती त्याची पाटी. युरोपातली सागरी युद्धाची चित्रं बहुतेक जिंकणाऱ्यांच्या पदरच्या किंवा त्यांच्या पैशाने पोसलेल्या चित्रकारांची आहेत. त्यामुळे साईज आणि भाव विचारण्याआधी चित्राचं नाव, चित्रकार, साल आणि मूळ कुठल्या संग्रहालयात आहे, एवढं विचाराच. दुकानदार ‘सर, अँटिक आहे’ म्हणाला, तर फोटो काढून मोबाईलवर शोधा. पाच मिनिटांत चित्राची कुंडली निघते. कधी भलतंच निघतं. गॅलिलीच्या वादळात सापडलेल्या नावेचं रेम्ब्रांटचं चित्र जागोजागी विकलं जातं, पण 1633 सालचं ते मूळ चित्र 1990 मध्ये बोस्टनच्या संग्रहालयातून चोरीला गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट तर कागदावरचा ठसा आहे, जेमतेम पंधरा इंच रुंद. तिला पाच फुटी खरबरीत कॅनव्हासवर ताणण्यात काय हशील, मला तरी कळत नाही.

आता छपाई. जहाजाच्या चित्रात सगळ्यात आधी मरतात ते दोरखंड. माझ्या कॅनव्हासला कुणीतरी व्हॉट्सॲपवर आलेली, हजारभर पिक्सेल रुंदीची फाईल वापरली होती. ती 36 इंचांवर ताणली की इंचाला तीसेक ठिपके उरतात, एकेक ठिपका जवळजवळ मिलिमीटरचा. डोलकाठीपासून उतरणारे दोर त्यात तुटक रेघा झाले होते आणि डेकवरची माणसं मुंग्या. हल्ली ‘एआयने क्लिअर करून देतो’ म्हणतात. ते तर आणखी वाईट, त्यात शून्यातून निघून शून्यात जाणारे दोर उगवतात. साधा हिशेब ठेवा: रुंदी इंचात घ्या आणि दीडशेने गुणा, तेवढे पिक्सेल हवेत. 36 इंचांना 5400. लांबूनच बघायचं असेल तर शंभराने गुणलं तरी भागतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमसारखी संग्रहालयं जुन्या चित्रांच्या मोठ्या फाईली फुकट देतात. त्या घ्या आणि पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सॲपवर नको. फ्लेक्सच्या मशीनवर कॅनव्हास काढला तर शाईचा वास येतो, म्हणून पिगमेंट शाईची छपाई मागा. चौकटीवर गुंडाळला जाणारा दीड इंच चित्रातून कापू देऊ नका, नाहीतर जहाजाचं टोक कोपऱ्यावरून भिंतीकडे वळतं.

भिंत पश्चिमेच्या उन्हाची नको. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. नगरच्या धुळीला कोरडा मऊ ब्रश. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं फिरलं की रंग गेलाच समजा.

माझं चित्र मी नीट फाईलवरून पुन्हा छापून घेतलं आणि खाली खरं नाव आणि साल लावलं. वास्तूवाले ‘जळती जहाजं घरात नकोत’ म्हणतात. म्हणोत.

खरं तर नगरकराला जहाज लावायला विजयदुर्गापर्यंत जायची गरजच नाही. नगरच्याच निजामशाहीचं बंदर चौल. 1508 साली इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने तिथेच पोर्तुगिजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा तिथे पडला. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला महिनोन्महिने वेढा घातला, तो फसला. बोकारोच्या 1635 सालच्या पोर्तुगीज ग्रंथात चौलचा रंगीत नकाशा आहे. दोन फुटांपेक्षा मोठा मात्र काढू नका, नकाशा जवळ जाऊन बघायचा असतो.