जुनापाणीचा माळ पाहताना

मी मुळशीचा. लहानपणी पठारावर गुरं राखली, त्यामुळे धोंड्यांनी भरलेला माळ मला नवा नाही. तरीही नागपूर-काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणीला तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे तिथली शिळावर्तुळं मला नीट दिसू लागली. तीनशेच्या आसपास आहेत ती.

१. उन्हं कलल्यावर जा. भर दुपारी नुसते धोंडे दिसतात; सावल्या लांबल्या की एकेक गोल उमटतो. पावसाळ्यात गवत सगळं झाकून टाकतं.

२. इंग्लंडच्या स्टोनहेंजचे फोटो मनातून काढून टाका. इथे उंच खांब नाहीत. जमिनीलगत मांडलेल्या काळ्या शिळा आणि मधे किंचित फुगलेला भराव, एवढंच. कडेने एक फेरी मारा. मग माणसांनी या शिळा कशा ओढून आणल्या असतील, ते खांद्याला जाणवतं.

३. ही दफनं आहेत, हे आधी लक्षात घ्या. पहिल्या खेपेला मी एका शिळेवर बसून डबा खाल्ला होता. नंतर वाचलं आणि फार वाईट वाटलं. लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची ही स्मारकं, सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. पुढे शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी विदर्भातली अशी अनेक ठिकाणं खणली. जवळच्याच माहुरझरीला माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साजही. पोळ्याला आपण बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधतो. तो साज घडवणाऱ्याचा जीव त्या जनावरात किती गुंतला असेल, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

४. शिळांवरून बोट फिरवू नका, नजर फिरवा. काहींवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी ते टिपले आणि ब्रिटनमधल्या तशाच खुणांशी त्यांची तुलना केली.

५. विदर्भातल्याच नायकुंडचं नाव लक्षात ठेवा. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे हत्यारं बाहेरून आणायची गरज नव्हती, धातू इथेच गाळला जात होता.

६. धोंडा बिनमालकीचा वाटतो, म्हणून तो आधी जातो. बांधाला, घराच्या पायाला, खडीला. आमच्या मुळशीत प्लॉटिंगसाठी माळ सपाट होताना मी पाहिला आहे. शेताच्या कडेला टेकलेले वीरगळही उचलून बाजूला टाकतात. जुनापाणीला केंद्राचं संरक्षण आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. पण संरक्षित स्मारकांच्या यादीत नसलेल्या दगडांना कुणाचाच आधार नाही.

तुमच्या शिवारात धोंड्यांचा गोल दिसला, तर जेसीबी लावण्याआधी फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. तोवर त्यातला एकही दगड हलवू देऊ नका.