गळ, आमिष आणि होडी : पुणे परिसरातील छंदमासेमारी

गळ टाकून मासा पकडणे हा पोटासाठीचा उद्योग म्हणून जितका जुना, तितकाच विरंगुळा म्हणूनही जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत ‘मत्स्यविनोद’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे खाद्य, गळाची काठी आणि दोरी यांची चर्चा त्यात केलेली आढळते. तेव्हा हा छंद साहेबाबरोबर आपल्याकडे आला, ही समजूत खरी नव्हे. साहेबाने आणली ती चक्री आणि धातूची बनावट आमिषे.

अलीकडे सुट्टीच्या दिवशी खडकवासला, पानशेत, पवना किंवा भिगवणच्या बाजूस काठी घेऊन गेलेले तरुण पुष्कळ दिसतात. बाजारात आज मिळणारे बहुतेक साहित्य अमेरिकेतील ‘बास’ या माशासाठी घडविलेले असते आणि त्यासोबतची माहितीही त्याच माशाची असते. बास आपल्याकडील मासा नव्हे. दबा धरून भक्ष्यावर झडप घालणारा हा मासा परक्या पाण्यात सोडला म्हणजे काय होते, याचा अनुभव जपानने घेतला आहे. तेथे तो १९२५ साली आशी सरोवरात सोडण्यात आला. पुढे तो देशभर पसरला, आणि स्थानिक माशांची हानी पाहून २००५ साली अमलात आलेल्या कायद्याने त्याची आयात, वाहतूक आणि पाण्यात सोडणे यांवर बंदी घालावी लागली. जगातील सर्वांत मोठ्या बासच्या १९३२ सालच्या अमेरिकन विक्रमाची बरोबरी २००९ साली झाली ती जपानच्या बिवा सरोवरात. छंदाच्या दृष्टीने हा पराक्रम होय. सरोवराच्या दृष्टीने मात्र तसे म्हणवत नाही.

आपल्याला बासची उणीव भासण्याचे कारणच नाही. त्याच्या स्वभावाचा मरळ आपल्या पाण्यात आहे आणि ताकदीत त्याच्यापेक्षा कितीतरी वरचढ असा महासीरही आहे. साहित्य निवडावयाचे ते या दोन माशांचा स्वभाव ओळखून.

मरळ हा उथळ, संथ आणि वनस्पतींनी भरलेल्या पाण्याचा रहिवासी. पाणकणीस, कमळाची पाने, बुडालेली बाभूळ यांच्या आडोशाने तो स्थिर उभा राहतो आणि जवळून जाणारा बेडूक किंवा लहान मासा गिळतो. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय त्याच्या शरीरात असल्याने तो अधूनमधून पृष्ठभागावर येतो. ‘बुळुक’ असा आवाज आणि पाण्यावर उठलेले एक वर्तुळ, एवढी खूण जाणत्याला पुरते. अशा जागी उघडा गळ टाकला तर तो पहिल्याच फेकीत शेवाळात अडकतो. म्हणून येथे पोकळ रबरी बेडूक वापरावा. त्याच्या दुहेरी गळाची टोके वर वळलेली आणि अंगाला चिकटलेली असतात. माशाने बेडूक चावला म्हणजे रबर दबते आणि टोके उघडी पडतात. बासच्या आमिषांच्या इतिहासातही बेडूकच आघाडीवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधील जेम्स हेडन याने लाकडाचे बेडूक कोरून मित्रांना दिले आणि त्यातूनच पुढे त्याचा आमिषांचा कारखाना उभा राहिला, असे सांगतात.

बेडूक पानांवर पडू द्यावा, क्षणभर तसाच ठेवावा आणि मग लहान झटक्यांनी पाण्याच्या मोकळ्या फटीपर्यंत आणावा. हल्ला बहुधा फटीच्या कडेला होतो. पाणी फुटल्याबरोबर काठी ओढण्याचा मोह होतो, आणि नवशिक्याचे नव्वद टक्के मासे याच क्षणी सुटतात. हे मी स्वानुभवावरून लिहितो. माझा पहिला मरळ असाच गेला आणि रिकामा बेडूक माझ्याच टोपीवर येऊन आदळला. शेजारी जाळे सांधत बसलेल्या वृद्ध भोई गृहस्थांनी मान वर न करताच सांगितले, “साहेब, त्याला आधी गिळू द्या की.” दोरीचा ताण हाताला जाणवेपर्यंत थांबावे आणि मग मात्र जोरात ओढावे, कारण मरळाचा जबडा हाडाचा व कठीण असतो. यासाठी काठी आखूड व ताठ असावी. सहा-साडेसहा फूट लांबी पुरेशी होते. दोरी विणलेली, तीस ते चाळीस पौंड ताण सोसणारी घ्यावी. नेहमीचे तंगूस ताणले जाते, त्यामुळे वनस्पतींतून मासा बाहेर खेचताना ते दगा देते.

पावसाळ्यात पृष्ठभागालगत तांबूस पिलांचा दाट पुंजका फिरताना दिसला, तर त्याच्या खाली पिलांची राखण करणारे मोठे मरळ असतात. ते पिलांसाठी कशावरही तुटून पडतात, म्हणून त्या पुंजक्यात बेडूक टाकणे ही सर्वांत सोपी शिकार होय. ती करू नये. राखण करणारा मासा गेला की त्या शेकडो पिलांचा फडशा इतर मासे अल्पावधीत पाडतात.

महासीरची गोष्ट वेगळी, आणि पुणेकरांना ती विशेष जिव्हाळ्याची वाटावी. दख्खनमधील या माशाचे शास्त्रीय वर्णन मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. त्याचे ‘खुद्री’ हे शास्त्रीय नावही स्थानिक बोलीतून घेतलेले आहे. खडशी हे त्याचे आपल्याकडील एक नाव. ज्या नदीने या माशाला जगाच्या नकाशावर नेले, तिच्या शहरातील पात्रात तो आज मिळेल अशी आशा कोणी धरू नये. त्याला स्वच्छ, प्राणवायूने भरलेले, खडकाळ तळाचे पाणी लागते. पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वरच्या अंगास चढतो. धरणांनी ही वाट अडली, आणि सांडपाण्याने उरलेले पाणी बिघडवले.

या माशाच्या संवर्धनाचे मोठे काम लोणावळ्याजवळ वळवण येथे झाले. टाटांच्या वीज कंपनीच्या तेथील मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी व स. ना. ओगले यांनी महासीरच्या कृत्रिम प्रजननाचे प्रयोग यशस्वी केले. पक्व मादीची अंडी हाताने काढून त्यांचे फलन करावयाचे, अशी ही पद्धत. ओल्या कापसात ठेवलेली अंडी विमानाने दूरवर पाठविण्याची युक्तीही त्यांनीच प्रयोगाने सिद्ध केली. पाण्याने भरलेल्या जड पिंपांऐवजी कापसाची एक पेटी! तेथील बीज पुढे अनेक राज्यांतील जलाशयांत गेले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दख्खनचा हा महासीर कावेरीच्या खोऱ्यातही सोडण्यात आला. तेथे तो इतका रुजला की त्या नदीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महासीर मागे पडला. या मूळ कावेरीवासी माशाची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. आपला खुद्री मात्र आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त वर्गातून काढून कमी चिंतेच्या वर्गात घालण्यात आला आहे. यादीतील हा बदल पाहून पुण्याच्या नद्या सुधारल्या असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. चांगल्या हेतूने सोडलेला मासासुद्धा परक्या नदीत परकाच असतो.

महासीरसाठी काठी सात ते आठ फुटांची, लवचीक पण कण्याला भक्कम असावी. चक्रीवर निदान दीडशे मीटर दोरी मावली पाहिजे. गळ लागल्यावर त्याची पहिली धाव अशी असते की चक्रीचा ब्रेक फार घट्ट केलेला असेल तर दोरी तुटते, फार सैल असेल तर मासा खडकांत शिरतो. घरून निघण्यापूर्वी काट्याला दोरी बांधून ताण मोजावा आणि दोरीच्या क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशावर ब्रेक ठेवावा. आमिष म्हणून धातूचा चमचा आणि लहान मासळीच्या आकाराचे, ओढताना थरथरणारे लाकडी वा प्लास्टिकचे आमिष ही दोन्ही चालतात. येथे एक गोष्ट विसरू नये. महासीरच्या जबड्याला दात नसतात; ते घशात असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो शिंपलेही चुरडतो. बाजारू आमिषांना लावलेले नाजूक तिहेरी गळ तो सरळ करून टाकतो किंवा मोडतो. म्हणून ते काढून जाड तारेचा एकेरी गळ बसवावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. त्यामुळे माशाला इजा कमी होते व तो सोडणे सोपे जाते.

पकडलेला महासीर सोडून देणे हाच आता जाणकारांचा शिरस्ता आहे. हात ओले करून मगच त्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील बुळबुळीत आवरण निघत नाही. कल्ल्यांत बोटे घालून उभा लटकावू नये. छायाचित्र घ्यावयाचे तर मासा पाण्याच्या लगत, पोटाखाली हात देऊन आडवा धरावा. नंतर प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत आधार द्यावा. घाईने फेकलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण पुष्कळदा तो जगत नाही.

कोठे गळ टाकावा याइतकेच कोठे टाकू नये हेही महत्त्वाचे आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातील मासे भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. महाडजवळचा वाळणकोंड आणि वाड्याजवळचे तिळसे ही अशीच श्रद्धेने राखलेली ठिकाणे होत. शासनाने अभयारण्ये घोषित करण्याच्या कितीतरी आधी लोकांनी निर्माण केलेली ही माशांची अभयारण्ये आहेत. तेथे काठी घेऊन जाणे अशोभनीय आहे. लोणावळा-मुळशी भागातील टाटांच्या तलावांवर कंपनीच्या परवानगीखेरीज जाऊ नये. इतर अनेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारणे हा केवळ नियम नव्हे, तर ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्याविषयीचा साधा शिष्टाचार आहे. मासे कोठे आहेत याची खरी माहितीही तेथेच मिळते. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ सालच्या कायद्यापासूनच निषिद्ध आहे. असा प्रकार दिसल्यास मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे.

जिवंत मासळीचे आमिष वापरणाऱ्यांनी डब्यात उरलेले मासे परत घरी न्यावेत, दुसऱ्या पाण्यात ओतू नयेत. उजनीत चिलापीने केलेला विस्तार सर्वांसमोर आहे, आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर अशाच निष्काळजीपणाने नव्या पाण्यात पोहोचतो. तुटलेली दोरीही गुंडाळून खिशात घालावी. भिगवणच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात आणि तंगूस कुजत नाही.

आता होडीविषयी, कारण येथे चूक झाली तर मासा नव्हे, माणूस जातो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या यशवंतसागर जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती मासेमारीची होडी नव्हती, पण पाणी तेच आणि वाराही तोच. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आरशासारखा असणारा जलाशय दुपारनंतर काही मिनिटांत खवळतो. तेव्हा या दिवसांत पहाटे निघावे आणि अकरापर्यंत काठाला लागावे. पश्चिमेला ढग काळवंडू लागले तर हातातला मासाही सोडून परतावे.

होडी रुंद व सपाट तळाची असावी. अरुंद होडी वेगाने जाते, पण गळ फेकण्यासाठी उभे राहिले की कलते. तरंग-जाकीट अंगात असावे. बाकाखाली ठेवलेले जाकीट बुडणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. नांगर नेहमी पुढच्या टोकाला बांधावा. मागच्या टोकाला बांधला तर लाटा मागून आत शिरतात आणि होडी भरते. पाणी कमी झाले की उजनीत पळसदेवच्या जुन्या मंदिरासारख्या बुडालेल्या वास्तू वर येतात. ते थोडे भरलेले असताना झाडांचे बुंधे आणि भिंती पृष्ठभागाखाली हातभरावर दडलेल्या असतात. मासे अशाच ठिकाणी असतात, त्यामुळे तेथे जावे लागतेच. पण यंत्र बंद करून, वल्ह्याने तळ चाचपीत जावे.

आजच्या काळ्या, हलक्या काठ्यांत कार्बनचे धागे असतात आणि ते वीजवाहक असतात. काठावरून जाणाऱ्या वीजवाहिनीखाली अशी काठी उभी धरू नये, आणि गडगडाट ऐकू येताच ती आडवी ठेवून द्यावी. धरणाच्या खालच्या अंगास पात्रात उभे राहून गळ टाकणाऱ्यांनी पाटबंधारे खात्याचा भोंगा वाजताच, दोरी आवरण्यात वेळ न घालविता, बाहेर पडावे. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की मुठेचे पाणी पाहता पाहता चढते. सिंहगड रस्त्याच्या बाजूने जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या विसर्गाची सूचना पाहून घ्यावी.